काम येतं, पेपर जमत नाही

पत्र थोडक्यात: मी वर्धा–बल्लारशा मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर सिग्नल विभागात टेक्निशियन आहे. शाळा मराठी माध्यमाची, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. नवऱ्याची शेती आहे, कापूस आणि तूर. मुलगी तिसरीत आहे आणि सासूबाई आमच्याजवळच राहतात. जेई (ज्युनिअर इंजिनिअर, सिग्नल) पदाची विभागीय परीक्षा मागच्या वेळी दिली, थोडक्यात गेली. प्रश्न ओळखीचे वाटायचे, पण चारपैकी दोन पर्याय बरोबर वाटायचे आणि नेमका चुकीचा हाती लागायचा. आता पुन्हा परीक्षा निघाली आहे. दोन महिने बिनपगारी रजा टाकून नागपूरला खोली घ्यावी आणि क्लास लावावा असं मनात आहे. साहेब म्हणतात, ‘तुमचा हात चांगला आहे, परीक्षेच्या मागे कशाला लागता?’ सासूबाई म्हणतात, ‘सरकारी नोकरी हाये, आता अजून काय पायजे?’ इंग्रजीची भीती वाटते ती वेगळीच. फिल्डवर काम करणाऱ्याला पेपर जमतच नाही, असं सगळे म्हणतात. खरंच तसं असतं का?

ताई,

आधी रजेचं बोलू. तो अर्ज तुम्ही कदाचित लिहूनही ठेवला असेल. अजून देऊ नका.

नागपूरला क्लास पुष्कळ आहेत. पण पाटीवर ‘रेल्वे’ लिहिलेलं असलं तरी आत बहुतेकदा भरतीची परीक्षा शिकवतात, म्हणजे गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान. तुमचा पेपर सिग्नलचा आहे. पैसे भरण्याआधी क्लासवाल्यांना एकच प्रश्न विचारा: ‘ट्रॅक सर्किट आणि इंटरलॉकिंग (पॉइंट आणि सिग्नल एकमेकांत अडकवून ठेवणं) कोण शिकवतं?’ उत्तर गोलमोल आलं की तिथूनच घरची गाडी धरा. दोन महिन्यांचा पगार, खोलीचं भाडं आणि मुलीपासून दूर राहणं, एवढं मोजून तुम्ही जे विकत घेणार आहात, त्याचा मोठा भाग तुमच्या स्टेशनच्या रिले रूममध्ये आधीच पडलेला आहे.

‘फिल्डवाल्याला पेपर जमत नाही’ हे वाक्य मीही खात्यात असताना आणि पुढे शिकवताना सतत ऐकलं. त्यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात ते नव्हे. फिल्डवर ‘काय करायचं’ हे विचारतात, पेपरात ‘का करायचं’ आणि ‘किती’ हे विचारतात. तुम्हाला दोन पर्याय बरोबर वाटले याचा अर्थ विषय तुम्हाला येतो. ज्याला येत नाही त्याला चारही सारखेच दिसतात.

उदाहरण तुमच्याच यार्डातलं घेऊ. (इतर वाचकांसाठी: रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो. तो पोहोचतो तोवर ट्रॅक रिले नावाचा विजेवर चालणारा स्विच उचललेला राहतो. गाडीच्या चाकांनी करंट शॉर्ट झाला की तो पडतो आणि लाइनवर गाडी आहे हे कळतं. हेच ट्रॅक सर्किट.) जुलै महिना आहे, तीन दिवस झड लागली आहे. काळ्या मातीचा चिखल खडीत शिरलाय, दोन रुळांमधला करंट खडीतूनच गळतोय. यार्डात गाडी नाही, तरी ट्रॅक रिले पडतो आणि पॅनलवर ती लाइन लाल होते. मास्तरांचा फोन येतो. तुम्ही जाता, मीटर लावता, फीडच्या बाजूचा रेझिस्टन्स थोडा कमी करता, रिले उचलतो. मेमोवर सही करून तुम्ही घरी येता. हे तुम्ही डोळे झाकून करता.

आता पेपरातला प्रश्न बघा: गाडी आल्यावर ट्रॅक रिले पडणं सगळ्यांत अवघड केव्हा असतं, खडी ओली असताना की कोरडी असताना? फिल्डवरचा माणूस पटकन ‘ओली’ म्हणतो, कारण त्याला सगळा त्रास पावसातच झालेला असतो. बरोबर उत्तर ‘कोरडी’ आहे. पावसात रिले उचलणं अवघड असतं, कारण गळती जास्त. उन्हाळ्यात गळती जवळजवळ नसते, रिलेला व्होल्टेज भरपूर मिळतं, आणि म्हणून चाकांनी शॉर्ट झाल्यावर तो खाली पाडणं अवघड जातं. एकच सर्किट दोन टोकांना तपासायचं असतं: सगळ्यांत ओल्या खडीत गाडी नसताना रिले उचलला पाहिजे, आणि सगळ्यांत कोरड्या खडीत गाडी असताना पडला पाहिजे. डीसी ट्रॅक सर्किटला रुळांवर ०.५ ओहमचा शंट (गाडीच्या चाकांच्या जागी धरलेला रेझिस्टन्स) टाकून रिले पडतो का हे बघतात ते याच दुसऱ्या टोकासाठी. खडीचा रेझिस्टन्स स्टेशन यार्डात किलोमीटरला किमान २ ओहम आणि ब्लॉक सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांमधल्या लाइनीत) ४ ओहम धरतात, तो पहिल्या टोकासाठी.

आता जुलैत कमी केलेला तो रेझिस्टन्स आठवा. झड उघडल्यावर तो परत पहिल्या जागी आणला होता का? नसेल आणला, तर मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तोच ट्रॅक धोक्याचा. रुळावर गाडी उभी आणि पॅनलवर लाइन मोकळी, अशी वेळ येऊ शकते. पावसात रिले विनाकारण पडला तर गाड्या खोळंबतात आणि शिव्या बसतात, पण ते सेफ साइड फेल्युअर. गाडी असून रिले पडला नाही तर त्याचा फोन मास्तर करणार नाहीत, कारण त्यांना काही दिसणारच नाही. हा फरक ज्याला बोलून सांगता येतो, त्याला जेई करायचं की नाही एवढंच ही परीक्षा बघते. तुम्हाला तो करता येतो, फक्त बोलून दाखवायची सवय नाही.

‘दोन पर्याय बरोबर वाटतात’ याचं दुसरं कारण आकड्यांत आहे. ओव्हरलॅपचे, म्हणजे थांबायच्या सिग्नलपुढे मोकळ्या ठेवायच्या अंतराचे, आकडे बघा. सिग्नल ओव्हरलॅप लागतो सिग्नल द्यायला, ब्लॉक ओव्हरलॅप लागतो मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर द्यायला. मल्टिपल अॅस्पेक्टमध्ये (दोनाहून जास्त संकेतांच्या सिग्नलांत) सिग्नल ओव्हरलॅप १२० मीटर आणि ब्लॉक ओव्हरलॅप १८० मीटर. टू अॅस्पेक्ट लोअर क्वाड्रंटमध्ये (दोनच संकेतांच्या, खाली झुकणाऱ्या हाताच्या सिग्नलांत) सिग्नल ओव्हरलॅप १८० आणि ब्लॉक ओव्हरलॅप ४००. १८० दोन्हीकडे आहे, अर्थ मात्र वेगळे. पेपर काढणाऱ्याला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. असे आकडे सुटे पाठ केले की परीक्षेच्या खोलीत हटकून एकमेकांत मिसळतात. एका कोऱ्या कागदावर होम सिग्नल (स्टेशनात येतानाचा), स्टार्टर (निघतानाचा), पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते ती जागा) आणि उभी गाडी काढा आणि आकडा त्याच्या जागेवर लिहा. चित्रात १८० कुठे आहे हे डोळ्यांपुढे आलं की गोंधळ होत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की एक वही घाला. शंभर पानी, दुकानात मिळते ती. रोज ज्या कामाला हात लागला, त्यातलं एकच काम घ्यायचं आणि त्याखाली तीन ओळी लिहायच्या: काय केलं, ते का करतात, आणि त्याचा आकडा किंवा नियम कोणता. पॉइंटची अडथळा तपासणी केली असेल तर लिहा: जिभेच्या (सरकणाऱ्या रुळाच्या) टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटरची पट्टी धरली, पॉइंट लॉक झाला नाही, डिटेक्शन (पॉइंट नीट बसल्याची खूण) आलं नाही. का, तर एवढी फट राहूनही सिग्नल मिळाला तर चाकाचा फ्लँज (आतली कड) त्या फटीत शिरू शकतो. रिले बदलला असेल तर लिहा की तो क्यू सिरीजचा होता की सीमेन्सचा के-५०. क्यू सिरीजच्या फ्रंट काँटॅक्टमध्ये (रिले उचलल्यावर जुळतो तो) एक बाजू धातूची आणि दुसरी कार्बनची असते, त्यामुळे ते वेल्ड होऊन चिकटत नाहीत. के-५० मध्ये धातूवर धातू असतो, तो चिकटू शकतो, म्हणून रिले खरंच पडला हे सर्किटमध्ये बॅक काँटॅक्टने (रिले पडल्यावर जुळतो तो) सिद्ध करून घ्यावं लागतं. म्हणून के-५० ‘प्रूव्ह्ड’ आणि क्यू सिरीज ‘नॉन-प्रूव्ह्ड’. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलंत की ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘नॉन-प्रूव्ह्ड’ टाइपचा प्रश्न आयुष्यात चुकणार नाही.

कारण सापडलं नाही तर सिग्नल इंजिनिअरिंग मॅन्युअल उघडायचं, २०२१ ची आवृत्ती. जुन्या आवृत्तीची झेरॉक्स डेपोत फिरत असते, तिच्यावर विसंबू नका. सिकंदराबादच्या इरिसेटच्या (रेल्वेच्या सिग्नल प्रशिक्षण संस्थेच्या) नोट्स त्यांच्या संकेतस्थळावर उघड्या आहेत. गाइड-कुंजीपेक्षा त्या कधीही बऱ्या, कारण पेपर काढणारे साहेब लोकही तिथूनच शिकून आलेले असतात. सगळ्या नोट्स वाचायला घेऊ नका, संपणार नाहीत. वहीत प्रश्न पडला की तेवढंच प्रकरण वाचा.

इंग्रजीचं. विभागीय परीक्षेला हिंदीचा पर्याय असतो आणि तुम्ही मॅन्युअलमधली इंग्रजी वाक्यं रोज वाचता. रिले, पॉइंट, फीड, शंट हे शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत. अडतं ते ‘नॉट लेस दॅन’, ‘अनलेस’, ‘ओन्ली व्हेन’ अशा जोडशब्दांवर, आणि प्रश्न फिरतो तो त्यांच्यावरच. जुन्या पेपरांतले असे शब्द पेन्सिलने गोल करत जा, पंधरा-वीस शब्दांपलीकडे यादी जात नाही. वहीतलं ‘का’ मात्र मराठीत लिहा. भाषांतर करत विचार केला की मेंदू दोन कामं करतो आणि दोन्ही अर्धी होतात. रात्री मुलीला वही देऊन ‘रिले का पडला?’ असं विचारायला सांगा. तिसरीतल्या पोरीला समजेल असं सांगता आलं तर ते तुम्हाला समजलं आहे, नाहीतर नाही. आणि अभ्यासासाठी तिच्यापासून दूर जायची गरजही उरत नाही.

आता साहेब. ‘परीक्षेच्या मागे कशाला’ हे ते तुमचं खच्चीकरण करायला म्हणत असतील असं मला वाटत नाही. चांगला हात डेपोतून गेला की त्यांनाच रात्री धावावं लागतं, हे साधं गणित असावं. त्यांच्याशी वाद घालू नका, काम मागा. सर्किटमध्ये बदल झाल्यावर जी तपासणी होते, तिला मला सोबत घ्या म्हणा. सर्किट डायग्राम आणि सिलेक्शन टेबल (कोणत्या सिग्नलला काय काय जुळावं लागतं तो तक्ता) घेऊन रिले रूममध्ये बसायची परवानगी मागा. (त्यांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. डेपोच्या ग्रुपवरही नको.) एक सिग्नल निवडा आणि तो हिरवा व्हायला कोणकोणते रिले उचलावे लागतात हे कागदावर बोट ठेवून, मग प्रत्यक्ष रॅकवर बघून जुळवा.

हे जुळवणं नुसतं परीक्षेपुरतं नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा सिग्नल मिळाला आणि गाडी लूप लाइनला उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत समोर आलं ते सिग्नल सर्किटच्या बदलात झालेलं चुकीचं वायरिंग, लेव्हल क्रॉसिंगच्या बॅरिअरच्या कामाच्या निमित्ताने झालेलं. कागद एक सांगत होता आणि तारा दुसरं करत होत्या. जेईची सही ही त्या दोघांच्या मधली सही असते. साहेबांना हे असं सांगितलंत तर ते नाही म्हणतील असं वाटत नाही, आणि म्हणालेच तर निदान तुम्हाला कळेल की अडचण कुठे आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात आणि मला ती खटकली: ‘रात्रीच्या फेल्युअरवरून आले की मग दोन-तीन तास वाचत बसते.’ हे बंद करा. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सिग्नल लाल पडला नाही आणि गाडीवर गाडी गेली, ३५ माणसं मेली. एका टेक्निशियनने नवीन वायरिंग करताना जुनी तार कापून, इन्सुलेट करून बाजूला केली नव्हती. ती परत काँटॅक्टला लागली. चौकशीत निघालं की त्या माणसाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. तो काही कामचुकार नव्हता. तुम्ही रात्री जागून सकाळी लोकेशन बॉक्स (रुळालगतची सिग्नल वायरिंगची पेटी) उघडणार असाल, तर परीक्षेतले दोन मार्क वाढवायला दुसऱ्या कुणाचा तरी जीव टांगणीला लावताय. रात्रपाळी झाली की झोप. अभ्यास दुसऱ्या दिवशी, एक तास, तेवढा पुरे. तो तास रोज मिळणं हे दोन महिन्यांच्या रजेपेक्षा मोलाचं आहे, आणि तो मिळवायचा असेल तर घरात बोलावं लागेल.

घरातलं बोलणं सोपं नाही हे मला कळतं. सासूबाईंचं वाक्य तुम्हाला टोमणा वाटलं. मला त्यात बदलीची भीती ऐकू येते. जेई झाल्यावर पोस्टिंग डिव्हिजनमध्ये कुठेही होऊ शकतं, आणि नवऱ्याची शेती उचलून नेता येत नाही. शिवाय निवड झाली तर आधी प्रशिक्षण, आणि सिग्नलच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना सिकंदराबादला जावं लागतं. मग हा प्रश्न निकालानंतर नाही, आत्ताच घरात मांडा. नवऱ्याला, सासूबाईंना बसवून विचारा: प्रशिक्षणाला गेले तर पोरीचं कसं? बल्लारशाला किंवा आमल्याकडे टाकलं तर? त्याचं उत्तर ‘जमणार नाही’ असं आलं, आणि तुम्हालाही मनातून तेच वाटत असेल, तर यंदा परीक्षा न देणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. चांगला टेक्निशियन असणं म्हणजे अर्ध्यावर राहणं, असं खात्यात कुणी म्हणत असेल तर त्याने कधी रात्री पॉइंट फेल्युअर काढलेलं नसतं. पगाराच्या पातळीत मात्र फरक पडतो: सातव्या वेतन आयोगात जेई लेव्हल ६ ला, मूळ पगार ३५,४०० पासून. टेक्निशियन ग्रेड १ लेव्हल ५ ला, २९,२०० पासून. हा आकडाही बोलताना समोर असू द्या, नुसत्या मानापमानावर बोलणं जातं आणि मग कुणीच हिशेब करत नाही.

माझा कल विचाराल तर परीक्षा द्या, पण दोन महिन्यांची रजा नको. शेवटचे आठ-दहा दिवस हक्काची रजा घ्या. त्या दिवसांत नवीन काही वाचायचं नाही, वही आणि जुने पेपर एवढंच, घड्याळ लावून. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात का हे नोटिफिकेशनमध्ये बघा आणि त्याप्रमाणे सराव करा. ‘दोन पर्याय बरोबर’ वाटणाऱ्या प्रश्नांवर खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. परत आल्यावर स्वतःला विचारायचं: यातला कोणता पर्याय धरून काम केलं तर गाडीला धोका आहे? सिग्नलच्या पेपरात उत्तर बहुतेकदा त्याच्या विरुद्ध बाजूला असतं.

आपल्या भागातली बरीच मुलं-मुली या सदराला लिहितात, अजून नोकरीत नसलेली, डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेली. त्यांच्यासाठी दोन ओळी. बाहेरून टेक्निशियन ग्रेड १ सिग्नलची भरती रेल्वे भरती बोर्डाकडून होते आणि ती मराठीतूनही देता येते. २०२४ च्या जाहिरातीत पेपर १०० प्रश्नांचा, ९० मिनिटांचा होता, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. त्यात ३५ गुण मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकीला, २० गणिताला आणि २० संगणकाला होते. म्हणजे सामान्य ज्ञानाच्या १० गुणांसाठी वर्षभर चालू घडामोडी घोकणारे नेमकं उलटं करतात. आणखी एक, अर्ज भरण्याआधी रंग ओळखण्याची डोळ्यांची तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात करून घ्या. वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीवर नापास झालेला मुलगा मी बघितला आहे. तोवर त्याचे परीक्षेचे सगळे टप्पे पार झाले होते.

परत तुमच्याकडे येतो. पेपरच्या आदल्या रात्रीची ड्यूटी नको असा अर्ज साहेबांना आत्ताच लेखी द्या. आयत्या वेळी बदली माणूस मिळत नाही आणि मग तुम्ही रात्री ट्रॅकवर, सकाळी नागपूरला, असं होईल. केंद्र नागपूरला असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. ती लेट झाली तर आपल्याच खात्याला दोष देत बसाल. परीक्षेचा अर्ज डेपोतून वर जातो, त्याच्या शेवटच्या तारखेचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठे नाही. ती उद्या सकाळी आधी बघा, आणि अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच मागून घ्या.